बंद्या रुपयाची अर्धी चांदी

१९४२ सालचा एक रुपया माझ्यासमोर टेबलावर ठेवला आहे. एका बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, डावीकडे तोंड केलेला. दुसऱ्या बाजूला फुलापानांच्या वेलबुट्टीत 'वन रुपी इंडिया', साल आणि फारसी लिपीत 'यक रुपिया'. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. कडेवरून नख फिरवलं की उभे दाते लागतात आणि त्या दात्यांच्या मधोमध एक बारीक खाच, नाण्याला कमरपट्टा बांधल्यासारखी. शेजारी १९३८ चा रुपया आहे. तोच राजा, तीच वेलबुट्टी, तेवढंच वजन. त्याच्या कडेला मात्र पट्टा नाही, नुसते दाते आहेत.

दोन्ही नाणी एकामागून एक फरशीवर टाकून पाहावीत. १९३८ चा रुपया खणखणतो आणि त्याचा नाद थोडा वेळ हवेत राहतो. १९४२ चा वाजतो, पण आवाज लवकर बसतो. पहिल्यात चांदी आहे १०.६९ ग्रॅम, दुसऱ्यात ५.८३. मधल्या चार वर्षांत काय झालं, ते त्या आवाजातच ऐकू येतं.

आपल्याकडे रुपया वाजवून घ्यायची रीत होती आणि ती उगाच पडलेली नव्हती. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यानंतर शंभर वर्षं तख्तावरची माणसं बदलली, रुपयावरचे चेहरे बदलले, पण हे माप कोणी हलवलं नाही. म्हणून तर रुपया हे नाणं होतं तसंच वजनही होतं. सराफाच्या तागडीत रुपयाभार हेच माप आणि ऐंशी रुपयाभारांचा शेर. लेकीला तोडे करायचे असले की माणूस बंदे रुपये घेऊन सोनाराकडे जाई, सोनार ते मुशीत घाली आणि जितके रुपये तितक्या तोळ्यांचा दागिना घडवून देई. वर काय ती मजुरी. राणीछाप असो, राजाछाप असो, कलदार रुपया म्हणजे चांदी, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नसे. कागदी नोटेवर तेवढा जीव कोणाचाच नव्हता.

या विश्वासाला पहिला धक्का बसला तो पहिल्या महायुद्धात. चांदीचे भाव इतके चढले की रुपया वितळवणं रुपया खर्चण्यापेक्षा फायद्याचं झालं. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. त्या चांदीने सरकारची अब्रू राखली. रुपयातली चांदी तेव्हा घटली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्या वेळी तो संयम उरला नाही.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं. ती बातमी इकडे पोचली आणि लोक नोटा घेऊन रुपये मागायला धावले. यात अडाणीपणा कुठेच नव्हता. ज्या सरकारचा मित्र दीड महिन्यात कोसळतो, त्या सरकारचा कागद हातात ठेवावा की चांदी, या प्रश्नाचं उत्तर बाजारातल्या कोणत्याही बाईने तेच दिलं असतं. रिझर्व्ह बँकेचा रुपयांचा साठा भराभर उतरू लागला. सरकारने भारत संरक्षण नियमांखाली फर्मान काढलं: खाजगी किंवा धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त नाणी जमा करणं हा गुन्हा. ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा बाजारात आली. तिच्यावर पाचव्या जॉर्जचं चित्र होतं आणि साल १९३५. राजा जाऊन चार वर्षं झाली होती. अडचणीच्या दिवसासाठी राखलेली ती नोट तो दिवस उगवल्यावर बाहेर आली.

नाण्यातली चांदी घटवण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालं, धाकट्या नाण्यापासून वरती. मार्च १९४० मध्ये पावलीची चांदी निम्म्यावर आली. जुलैमध्ये अधेलीची. डिसेंबरमध्ये खुद्द रुपयाची. नवा मिश्रधातू चार धातूंचा होता: निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. ही कृती इंग्लंडची. तिकडच्या नाण्यांतली चांदी १९२० मध्येच निम्म्यावर आली होती आणि १९२७ पासून तिथे हेच चार धातूंचं मिश्रण वापरात होतं. निकेल आणि जस्ताने तांब्याचा लालसरपणा झाकला जातो, नाणं कठीण होतं, पांढरं दिसतं. खोटी नाणी पाडणाऱ्यांना आवरण्यासाठी कडेला तो पट्टा आला. वजन मात्र एक तोळाच राखलं. ते बदललं असतं तर गावोगावच्या तागड्या बोलल्या असत्या.

आता बाजारात दोन रुपये झाले. एक भरल्या चांदीचा, एक अर्ध्या चांदीचा, आणि दोघांची किंमत सोळा आणे. अशा वेळी कोणता रुपया गाडग्यात जाईल आणि कोणता वाण्याच्या गल्ल्यात, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. सरकारलाही ते कळत होतं, म्हणून त्याने जुने रुपये परत मागवले. राणी व्हिक्टोरियाचे रुपये ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद झाले. राजा एडवर्डचे १९४२ मध्ये. पाचव्या जॉर्जचे आणि सहाव्याचे सुरुवातीचे, म्हणजे जेवढे म्हणून जुन्या मापाचे रुपये उरले होते तेवढे, १९४३ मध्ये. शंभर वर्षं चाललेला बंदा रुपया दोन-अडीच वर्षांत कायद्याने नाणं उरला नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण हा भाग इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला असतो. ज्याने आपल्या राणीछाप रुपयांची पुरचुंडी खजिन्यात नेऊन दिली, त्याला त्याबदली मिळालं ते अर्ध्या चांदीचं नाणं किंवा कागद. दहा रुपये दिले तर जवळजवळ पन्नास ग्रॅम चांदी त्याच्या हातून गेली, तेही नवी नाणी मिळाली तर. कोणी त्याला कर भरायला सांगितलं नव्हतं, पण त्याने भरला. जो कायदा पाळत होता, वेळेवर जात होता, ज्याच्या गावात दवंडी पिटली गेली होती, तोच यात नाडला गेला. ज्याला खबर लागली नाही किंवा ज्याने रुपये चुलीमागे पुरून ठेवले, त्याच्या नातवंडांकडे आज ते रुपये आहेत. संग्राहक ज्या राणीछाप नाण्यांवर जीव टाकतात, ती बहुतेक या अशा न पाळलेल्या हुकुमाची देणगी आहे.

परत घेतलेल्या रुपयांचं पुढे काय झालं, याची एक गोष्ट समुद्राच्या तळाशी सापडते. १ ऑक्टोबर १९४२ ला 'सिटी ऑफ कैरो' नावाची बोट मुंबई बंदरातून निघाली. उतारू होते, त्यांत बायका-मुलंही होती, खलाशी बहुतेक हिंदुस्थानी. तळघरात दोन हजारांवर पेट्या होत्या आणि त्या पेट्यांत चांदीचे रुपये, सुमारे शंभर टन. हिशेब केला तर पंच्याऐंशी लाख रुपयांच्या आसपास भरतात. लंडनच्या खजिन्यासाठी ते चालले होते. बोट डरबन, केप टाउन करत दक्षिण अटलांटिकमध्ये शिरली. ६ नोव्हेंबरच्या रात्री सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडी 'यू-६८' ने तिच्यावर पाणतीर सोडले. बोट बुडाल्यावर पाणबुडीच्या कप्तानाने होड्यांतल्या माणसांना जवळच्या किनाऱ्याची दिशा सांगितली, बोट बुडवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि शुभरात्री म्हणून तो निघून गेला. होड्यांमधली माणसं उन्हाने, तहानेने एकेक करून जात राहिली. त्यातली एक होडी एकावन्न दिवस समुद्रावर भरकटत ब्राझीलच्या जवळ गेली, तेव्हा तिच्यात दोघं जिवंत होती. एकूण शंभराहून अधिक माणसं गेली.

ते रुपये ५,१५० मीटर खोल पाण्यात सत्तर वर्षं पडून होते. २०१३ मध्ये एका शोधपथकाने ते वर काढले आणि २०१५ मध्ये ती बातमी जाहीर झाली. एवढ्या खोलातून असा माल कोणी त्याआधी काढला नव्हता. आणि वर आल्यावर त्या चांदीचं काय केलं? ब्रिटनमध्ये ती वितळवून विकली. मुंबईहून बेचाळीसमध्ये निघालेल्या पेट्यांना मूस चुकायची नव्हती. एकेक नाणं जपणाऱ्या माणसाला हे वाचताना पोटात तुटतं.

ती बोट बुडाली त्याच सुमाराला इकडे नाण्यांची मागणी भरमसाट वाढली होती. ब्रिटन इथून माल, कापड, धान्य, माणसं उचलत होतं आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत लिहून ठेवत होतं. इथे मात्र पैसा रोख लागे. युद्धाच्या आधी पावणेदोनशे कोटींच्या घरातल्या नोटा युद्धाच्या अखेरीला अकराशे कोटींच्या वर गेल्या. चिल्लर गायब झाली. तांबं वाचवण्यासाठी १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला, जो आजही कुणाच्या ना कुणाच्या जुन्या डब्यात सुतळीत ओवलेला सापडतो. टांकसाळींनी दिवसरात्र रुपये पाडले. १९४२ या एका सालात चोवीस कोटींहून जास्त रुपये पडले. कलकत्त्याला जपान्यांचं भय होतं, म्हणून १९४३ मध्ये लाहोरला नवी टांकसाळ उघडली.

तरीही चांदी पुरेना. मग अमेरिकेने उधार-भाडेपट्टा योजनेखाली हिंदुस्थानला २२.६ कोटी औंस चांदी दिली. सात हजार टनांच्या वर. अर्ध्या चांदीच्या हिशेबाने तिच्यातून एकशेवीस कोटी रुपये पडले असते. अट एकच: युद्ध संपल्यावर औंसाला औंस चांदीच परत करायची, पैसे चालणार नाहीत. म्हणजे १९४४-४५ चा रुपया हातात धरला की त्यात अमेरिकेची उसनी चांदी असण्याचा संभव आहे. ही अट पुढे या नाण्यांच्या जिवावर उठली. त्याकडे येतोच.

या नाण्यांची प्रत कशी ठरवायची, हे मी एका सराफाच्या पेढीवर शिकलो. ते गृहस्थ आता नाहीत. मी पहिल्यांदा १९४५ चा रुपया दाखवला तेव्हा त्यांनी तो घेऊन आधी राजाकडे पाहिलंच नाही. नाणं दोन बोटांत कडेने धरून खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवलं.

"काय बघताय काका?" मी विचारलं.

"उजेड फिरतो का बघतोय," ते म्हणाले. "टांकसाळीतून आलेल्या नाण्यावर उजेड चाकासारखा फिरतो. एकदा हाताळलं की फिरायचा थांबतो. मग कितीही घास, परत फिरत नाही."

तेच पहिलं आणि शेवटचं सूत्र. ठशाचा जोरदार दाब बसला की धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. चकाकी त्या रेषांची असते. घासणं म्हणजे त्या रेषा पुसणं. घासलेलं नाणं आरशासारखं चमकतं, पण उजेड त्यावर एकाच जागी उभा राहतो.

त्यानंतर उंचवटे पाहायचे: मुकुटावरची नक्षी, राजाची भुवई, कानाची पाळी. झीज तिथे आधी लागते. पण या मालिकेत एक फसवी गोष्ट आहे. सुरुवातीचा चेहरा ठसठशीत उठावाचा होता, नंतरचा ठसा पसरट केला गेला. नवख्या माणसाला नंतरचा रुपया झिजलेला वाटतो. झीज की मुळातला सपाटपणा, हे पुन्हा उजेडच सांगतो: मुकुटाच्या टोकावर चकाकी शाबूत असेल तर नाणं झिजलेलं नाही, ठसाच तसा आहे. किती चांगले रुपये या गैरसमजाने मधल्या प्रतीत ढकलले गेले असतील!

आपल्या बाजारात यूएनसी, एक्सएफ, व्हीएफ, फाइन ही अक्षरं चालतात: अगदी न वापरलेलं, किंचित हाताळलेलं, बऱ्यापैकी, आणि चाललेलं पण वाचता येणारं. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी तिथल्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी १९४९ मध्ये मांडली. आज जगभर तीच चालते आणि प्लास्टिकच्या बंद डबीत आकडा छापून नाणं परत येतं. साठपासून पुढचं नाणं न वापरलेलं. त्यातही ओरखडे मोजतात, कारण टांकसाळीतून नाणी पोत्यांत भरून निघत आणि एकमेकांवर आपटत. राजाच्या गालावरचा तो बारीक व्रण वापराचा नसतो, पोत्यातल्या शेजाऱ्याचा असतो.

टांकसाळीची खूण नाण्याच्या खालच्या बाजूला फुलाजवळ शोधायची. टिंब असेल तर मुंबई, इंग्रजी 'एल' अक्षर असेल तर लाहोर. १९४५ च्या रुपयात पाचाचा आकडा कुठे मोठा, कुठे लहान. १९३९ चा रुपया या मालिकेतला सर्वांत दुर्मीळ, म्हणून त्याची खोटी नाणी सर्वांत जास्त. १९३८ च्या आठाचा खालचा गोल कोरून नऊ केलेला मी स्वतः पाहिला आहे. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची पाठ खरवडलेली दिसत होती, शेजारच्या तीनाभोवती मात्र ती गुळगुळीत होती. घाईने विकत घेणाऱ्याला तेवढंच दिसायचं राहून जातं.

माझ्या हातूनही एक चूक झाली. सुरुवातीच्या दिवसांत एक काळपट पडलेला १९४४ चा लाहोरचा रुपया मला मिळाला. चौधातूच्या या नाण्यांवर काळ बसतो तेव्हा कडेपासून निळसर, मग तपकिरी छटा चढत जातात. मला ती घाण वाटली. खाण्याचा सोडा आणि लिंबू लावून मी तो लख्ख केला आणि त्या सराफकाकांकडे नेला. त्यांनी तो खिडकीत धरला, फिरवला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले काहीच नाहीत. तो रुपया अजून माझ्याकडे आहे. त्याची प्रत आता कोणी लावणार नाही.

युद्ध संपलं आणि चांदीचं नाणंही संपलं. १९४६ मध्ये अधेली-पावली निकेलची झाली, १९४७ मध्ये रुपयाही, मागच्या बाजूला वाघ घेऊन. पण चौधातूचे कोट्यवधी रुपये देशात होते आणि अमेरिकेचं कर्ज डोक्यावर होतं. फाळणीत ते कर्जही भारत आणि पाकिस्तानात वाटलं गेलं. मुदत एप्रिल १९५७ ची. चांदीच द्यायची होती, आणि चांदी होती ती या रुपयांच्या पोटात. कलकत्त्यात अलीपूरला नवी टांकसाळ उभी राहिली, तिथे चांदी शुद्ध करण्याचा कारखाना बसवला गेला. परत घेतलेली चौधातूची नाणी तिथे वितळवून तांबं, निकेल, जस्त बाजूला काढलं जाई आणि मागे उरलेली चांदी अमेरिकेकडे रवाना होई. नव्या स्वतंत्र देशाने राजाने घेतलेलं कर्ज राजाचीच नाणी वितळवून फेडलं, औंसाला औंस. परदेशी चलनाची इतकी ओढाताण असताना हे कर्ज वेळेत फिटलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि त्या मुशीत काय काय गेलं असेल, या विचाराने तितकीच हळहळही वाटते. १९४० ते ४५ या सहा सालांत शंभर कोटींहून जास्त रुपये पडले होते. त्यातला न वापरलेला, चकाकी राखून असलेला रुपया आज मिळाला, तर तो खजिना चुकवून, सोनार चुकवून, अलीपूर चुकवून आलेला असतो.

असे रुपये येतात कुठून? बरेचसे घरांतून. आमच्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात पाच रुपये असतात. दोन राणीछाप, एक एडवर्डचा, दोन १९४२ चे. आईच्या आईपासून ते चालत आले. दरवर्षी त्यांना पंचामृताचं स्नान, मग चिंचेच्या कोळाने धुणं, कोऱ्या कापडाने पुसणं, हळदकुंकू. राणीचा चेहरा आता नुसता उंचवटा उरला आहे. १९४२ च्या रुपयांवर चांदीखालचं तांबं पिवळसर डोकावतं. गेल्या वर्षी पूजेनंतर मी ते पाचही काट्यावर ठेवले. एकही पुरा तोळाभर भरला नाही.